बोसमनी म्हणून मी दिलेली पिल्ले

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. निवृत्तीनंतर गेली सात वर्षे मी साखळीला घरी टाकीत रेनबोफिश हे रंगीत मासे पाळतो. या पत्रात थोडी माहिती आहे आणि थोडा कबुलीजबाब.

दुकानातल्या पिशवीत रेनबोचे पिल्लू अगदी फिके दिसते. म्हणून लोक गप्पी मासे घेऊन जातात. रंग चढायला वर्ष लागते. मग बोसमनी या रेनबोच्या जातीतल्या नराचे पुढचे अर्धे अंग निळे-करडे आणि मागचे केशरी होते, आणि सकाळचे ऊन टाकीवर आले की तो पर ताणून मादीभोवती फिरू लागतो. हा मासा इंडोनेशियाच्या पापुआतल्या आयामारू तळ्यांचा. तिथे चुनखडी, त्यामुळे पाणी जड. आमच्या चिऱ्याच्या विहिरीचे मऊ. म्हणून मी फिल्टरमध्ये तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन घालतो. 'आता जेवणातल्या शिंपल्यासुद्धा माशांना?' असे घरी ऐकून घ्यावे लागते.

रात्री हिरव्या लोकरीचा झुबका टाकीत सोडायचा. सकाळी मादी त्यात अंडी घालते, ती बारीक धाग्यांनी लोकरीला चिकटतात. झुबका वेगळ्या टबात हलवायचा, नाहीतर आईबापच अंडी खातात. सात ते दहा दिवसांत पिल्ले फुटतात, पण तोंड इतके लहान की आर्टेमियाही (पिल्लांना देतात ते खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) सुरुवातीला जात नाही. पेंढा भिजवलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव घालावे लागतात. पहिल्या दोन खेपांत माझे एकही पिल्लू जगले नव्हते.

तिसऱ्या खेपेला पिल्ले जगली, आणि चूक तिथेच झाली. त्याच टाकीत पापुआ न्यू गिनीच्या कुतुबू सरोवराचे निळे लॅकुस्ट्रिस, म्हणजे रेनबोचीच दुसरी जात, होते. निसर्गात या दोघांची गाठ कधी पडत नाही, टाकीत पडते. माद्या तर एकमेकींसारख्याच दिसतात. वर्षभराने कळले, पिल्ले केशरीही नाहीत नि निळीही नाहीत, मळकट आहेत. तोवर चवथीला आलेल्या पाहुण्यांना दहा-बारा देऊन झाली होती आणि पंचवीस एका दुकानाने 'बोसमनी' म्हणून घेतली होती. मी जाऊन खरे सांगितले. मालक म्हणाला, 'खपली ना? मग झाले.'

झाले कसे? आयामारूचा बोसमनी आज धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. ऐंशीच्या दशकात शौकिनांसाठीच तो तिथून भरमसाट उपसला गेला. आता बाजारात येतो तो बहुतेक पैदाशीचा. त्यात माझ्यासारख्यांनी मिसळ केली, तर टाक्यांत नाव तेवढे बोसमनीचे राहील. म्हणून घेणाऱ्यांना विनंती, विकणाऱ्याला विचारा: आईबाप एकाच जातीचे होते का, टाकी वेगळी होती का? आणि दुकानदारांनी मिश्र पिल्लांवर सरळ 'मिश्र' लिहावे. गिऱ्हाईक थोडे कमी पैसे देईल, एवढेच.

उरलेली एकोणीस माझ्याकडेच आहेत. 'व्हाळात सोड' असे दोघा-तिघांनी सुचवले. ते मी करणार नाही. आपल्या व्हाळातल्या माशांवर हे परके पाहुणे कशाला लादायचे? हे मासे पाच-सात वर्षे जगतात, आणि मी सदुसष्टचा. म्हणून मुलाला आत्ताच बजावून ठेवले आहे, ही एकोणीस कुणाला द्यायची नाहीत.

आपला,
एक वाचक, साखळी-गोवा