वाड्यातल्या चित्रांना सिमेंट सोसत नाही

महोदय,
खेड्यातला जुना वाडा चित्रसंग्रहालय म्हणून खुला करायचा असेल, तर दुरुस्ती सिमेंटने करू नये. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. वरून सिमेंट चढवले की ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक होतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. गिलाव्याला विरवलेला चुना १ भाग, चाळलेली रेती ३ भाग, एवढे पुरते. त्याआधी छपराच्या कवेलूंची गळती थांबवा, नाहीतर पहिल्याच झडीत सगळे वाया! जलरंगातली चित्रे ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेडात नकोत. ओसरीवर तर नकोच. पाहणाऱ्यांनी पाठीवरची बॅग पुढे घ्यावी, फ्लॅश बंद ठेवावा. आणि धूळ दिसली म्हणून चित्रावर ओले फडके कृपया फिरवू नका.

– एक वाचक, जि. यवतमाळ