मदत पोहोचेपर्यंतचे तास

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की जिल्ह्याजिल्ह्यांत मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू होतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या अंकात येतात. नियंत्रण कक्ष चोवीस तास चालू ठेवा, बोटी तपासून घ्या, धोकादायक इमारतींना नोटिसा द्या, मुख्यालय सोडणाऱ्यांवर कारवाई करू. हे सगळे हवेच. पण या बातम्यांत एक माणूस सहसा दिसत नाही. पाणी चढू लागले, डोंगर सरकला किंवा कुठे गोळीबार झाला, तर पहिली हाक ज्याच्या कानावर पडते तो गावातला, वाडीतला, वॉर्डातला माणूस. सरकारी मदत पोहोचेपर्यंतचे तास त्याच्या वाट्याला येतात. त्या तासांसाठी आपण त्याला काय दिले आहे, हे विचारण्यासाठी हे पत्र.

महाराष्ट्राने या बाबतीत काहीच केले नाही, असे कोणी म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, तेव्हा आपत्ती व्यवस्थापन म्हणून वेगळे खाते असावे ही कल्पनाही देशात नवी होती. त्यानंतरच राज्याच्या आणि जिल्ह्यांच्या आराखड्यांना आकार येत गेला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले, दरवर्षी आराखड्याचा आढावा घेणे बंधनकारक झाले. पुण्याजवळ सुदुंबरे येथे एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, बटालियन आहे, धुळे आणि नागपूर येथे राज्याचे स्वतःचे दल आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर राज्य पोलिसांचे फोर्स वन हे कमांडो दल उभे राहिले, एनएसजी या केंद्रीय कमांडो दलाचे केंद्र मुंबईत आले.

म्हणजे वरच्या पायऱ्या बांधून झाल्या. खालच्या पायरीचे काय?

माळीणचे उदाहरण घ्या. 30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले ते गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळली ती एसटीच्या चालकामुळे. गाडी घेऊन तो नेहमीच्या रस्त्याने आला, तर गाव जागेवर नव्हते. 2021 च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळियेत तेच झाले. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, चढ उभा, पाऊस आणि धुके. यंत्रे वर नेता येईनात, हेलिकॉप्टर उडू शकेना. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढ चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. 27 मृतदेह हाती लागले. बाकीच्यांचा शोध काही दिवसांनी थांबवावा लागला.

दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. यादी करणाऱ्यांना दोष देऊन हा विषय संपवणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. सह्याद्रीत प्रत्येक वाडीच्या डोक्यावर कुठला ना कुठला कडा आहे. भूवैज्ञानिकांची यादी कितीही चांगली केली तरी ती अपुरी राहणार. डोंगर मात्र बऱ्याचदा आधी सांगतो: उतारावर नवी भेग पडते, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते किंवा नव्याच जागी फुटते, झाडे आणि विजेचे खांब कलतात, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. हे वाडीतल्या बाईला दिसते, तालुक्याच्या कचेरीतून दिसत नाही. मग ही चिन्हे तिला कोणी समजावून सांगितली आहेत का? सांगितली असतील तर भर पावसात, रात्री अकरा वाजता, सगळ्यांना उठवून खालच्या शाळेत नेण्याचा अधिकार तिच्या वाडीत कोणाला आहे? आणि त्या शाळेची किल्ली कोणाकडे असते? माझ्या मते राज्याची पूर्वतयारी या किल्लीवरून मोजावी. पोलीस पाटील किंवा सरपंच यांनी वरच्या आदेशाची वाट न पाहता वाडी हलवली आणि दरड आलीच नाही, तरी त्यांना कोणी जाब विचारणार नाही, असे शासनाने लेखी सांगायला हवे. ‘उगाच घाबरवले’ या बोलण्याची भीती माणसाला गप्प बसवते.

याउलट एक चांगले उदाहरण आपल्याकडेच आहे. सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर आले की इशारा पातळी, 45 फुटांवर धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्यावर 39 आणि 43 फूट. हे आकडे तिथल्या माणसाला पाठ असतात. किती फुटांवर कोणत्या गल्लीत पाणी शिरते, जनावरे कधी सोडायची, माळ्यावर काय चढवायचे, हे तो त्यावरून ठरवतो. ‘जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट’ या वाक्यातून एवढे काही हाती लागत नाही, कारण अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो आणि पाणी माझ्या दारात येते. मोबाईलवर कर्कश आवाजात येणारा मराठी इशारा ही मोठी सोय झाली आहे, विजेसाठी पुण्याच्या संस्थेने केलेले दामिनी ॲपही. पण इशारा आपल्या दारापर्यंत कसा लावायचा, हे शिकवणारा आयर्विन पूल प्रत्येक नदीकाठाला मिळायला हवा. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. त्या खोऱ्यात, आणि आता सीनेच्या काठी सोलापूर-धाराशिवकडे, प्रत्येक गावात पुराच्या खुणा रंगवलेला खांब उभारायला किती खर्च येईल?

अर्थात आकडा माहीत असून भागत नाही, हेही सांगलीनेच दाखवले. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि बायकामुले बुडाली. बोट खचाखच भरलेली होती. दुसरी फेरी मिळेल याची खात्री नसली की माणसे पहिल्याच बोटीत चढणार. दोष त्यांचा नाही. पूरपट्ट्यातल्या गावाकडे बोट, लाइफ जॅकेट आणि ती चालवणारी शिकलेली पोरे पावसाळ्याच्या आधीपासून हवीत. पाणी आल्यावर जिल्ह्याच्या ठिकाणाहून ती मागवण्यात काय अर्थ आहे?

आता माणसाने आणलेल्या संकटाबद्दल. आपण पूर आणि दहशतवाद यांचे कप्पे वेगळे ठेवतो, कारण त्यांची खाती वेगळी आहेत. जमिनीवर ते वेगळे राहत नाहीत. रायगडचा किनारा पाहा. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटके दिघी आणि शेखाडी इथे उतरवली गेली. पुढे 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरचा तोच पट्टा झोडपून काढला. धोका वेगळा, पण समुद्राकडे नजर असलेला माणूस एकच: मच्छीमार. 2008 मध्ये कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ दहा अनोळखी तरुण रबरी होडीतून उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हटकले ते तिथल्या कोळ्यांनी. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एका उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना दुसऱ्या वाटेने बाहेर जायला सांगितले आणि कित्येकांचे प्राण वाचवले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात बंदूक नसताना कसाबला धरून ठेवले. एनएसजीचे जवान मानेसरहून पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. ओंबळ्यांचे शौर्य आपण दरवर्षी आठवतो. दुसऱ्या ओंबळ्यांवर तशी वेळ येऊ नये म्हणून काय बदलले, हेही दरवर्षी विचारले पाहिजे.

सुरक्षेचे आराखडे जाहीर करता येत नाहीत, असे यावर सांगितले जाते आणि ते बरोबर आहे. कोणी ते मागतही नाही. पण स्थानकातून किंवा मंडईतून बाहेर पडायच्या वाटा, जखमींना घ्यायची रुग्णालये, अफवांच्या वेळी अधिकृतपणे बोलणारा एकच आवाज, यांत गुपित काही नाही. शिवाय हीच तयारी आगीत, चेंगराचेंगरीत, पुलाच्या दुर्घटनेतही कामी येते. 2003 च्या नाशिक कुंभात 39 भाविक चेंगरून गेले, मांढरदेवीला 2005 मध्ये शेकडो, एल्फिन्स्टनच्या पुलावर 2017 मध्ये 23 प्रवासी. यांतले एकही संकट आकाशातून पडलेले नव्हते. 7 मे 2025 ला देशभर भोंगे वाजवून नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगा ऐकल्यावर नेमके काय करायचे, हे आज किती जणांना सांगता येईल?

तालमीने काय साधते, हे ओडिशाकडे पाहून कळते. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. 2019 मध्ये फनी चक्रीवादळ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोक आधीच सुरक्षित जागी नेलेले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या वीस वर्षांत त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक तयार केले आणि पुन्हा पुन्हा सराव केला.

पैशाची सबब इथे चालणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतला 10 टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी, 20 टक्के धोका कमी करण्याच्या कामांसाठी ठरवून दिला होता. त्यातून आपल्या तालुक्यात काय आले, हे तालुकानिहाय जाहीर करावे. जिल्हा आराखड्यातली आपल्या गावापुरती पाने दरवर्षी मे महिन्यात ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत. वर्षातून दोनदा रंगीत तालीम व्हावी आणि तीत जे चुकले ते सूचनाफलकावर लागावे.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. पावसाळाभर धरणांतला साठा आणि विसर्ग आपण छापताच. त्याच चौकटीत तालुकानिहाय निवारा केंद्रे, किल्ली सांभाळणाऱ्याचे पद आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांकही छापावा. ज्या तालुक्याची माहिती मिळणार नाही, तिथली जागा कोरी ठेवून तालुक्याचे नाव छापावे.

कळावे,
आपला नियमित वाचक