फॉस्टर जिंकेलही, पण कोणत्या सालचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लाइट हेवीवेट (175 पौंडांपर्यंतच्या) गटातल्या जुन्या-नव्या मुष्टियोद्ध्यांच्या काल्पनिक लढती वाचल्या. क्रिकेटची जागा कापून बॉक्सिंगला अख्खं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. निकाल मात्र पटले नाहीत. प्रत्येक जोडीत उंची आणि हातांचा पल्ला मोजायचा आणि जो लांब, त्याला विजयी करून मोकळं व्हायचं, एवढाच हिशेब मला त्यात दिसला.

लांब हातांचा फायदा असतो, हे खोटं नाही. सव्वासहा फुटी बॉब फॉस्टरने 1968 साली पाच फूट आठ इंचांच्या डिक टायगरला चौथ्या फेरीत डाव्या हूकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) आडवा केला. मायकेल स्पिंक्सने 1983 मध्ये आपल्यापेक्षा अर्ध्या फुटाहूनही जास्त बुटक्या ड्वाइट ब्रॅक्स्टनला (पुढचा ड्वाइट मुहम्मद कावी) पंधरा फेऱ्या जॅबच्या (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या) टोकावर ठेवलं आणि गुणांवर हरवलं. पण हाच फॉस्टर 1970 मध्ये वरच्या हेवीवेट गटाच्या विजेत्या जो फ्रेझरसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या त्या लांब हातांचं काय झालं? फ्रेझर त्याच्यापेक्षा तीन-साडेतीन इंचांनी बुटका. डोकं हलवत, जॅबच्या खालून आत शिरला आणि दुसऱ्या फेरीत खेळ खलास. आता वजनातही वीस पौंडांचा फरक होता म्हणा, आणि तो विसरून चालणार नाही. तरीही आत कसं शिरायचं हे ज्याला येतं, त्याच्यापुढे पल्ला कामाला येत नाही. टायगरला ते त्या रात्री जमलं नाही, फ्रेझरला जमलं.

बरं, बांधा सारखा असला तर? दिमित्री बिवोल आणि आर्तुर बेतेरबिएव्ह यांची उंची जवळपास एकच. एक पावलांवर नाचणारा, मारून लगेच कोन बदलणारा. दुसरा समोरून चालत येणारा, ज्याने बिवोलच्या आधीच्या वीसच्या वीस लढती नॉकआउटने जिंकल्या होत्या. ऑक्टोबर 2024 मध्ये रियाधला दोघे भिडले. बेतेरबिएव्हला बहुमताने विजय मिळाला, पण नॉकआउट काही मिळाला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा भिडले, तेव्हा बहुमताने बिवोल. चोवीस फेऱ्या खेळूनही पंचांचं एकमत होईना. अशा जोडीचा निकाल तुमच्या पुरवणीत दोन ओळींत लागला, याचं मला नवल वाटलं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. लढत कोणत्या सालच्या माणसात आहे आणि किती फेऱ्यांची आहे, याचा पत्ताच नाही. माती आणि गादी हे वेगळे विभाग आहेत, हे आपल्याकडे कुस्तीच्या फडाला गेलेलं शेंबडं पोरही सांगतं. मग बॉक्सिंगमध्येच नियम न ठरवता जोड कशी लावायची? 1982 च्या नोव्हेंबरात कोरियाचा किम दुक-कू लढतीतल्या माराने दगावला, त्यानंतर जागतिक किताबाच्या लढती हळूहळू पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. त्या तीन फेऱ्यांत इतिहास उलटतो. 1941 मध्ये बिली कॉन हा लाइट हेवीवेटचा माजी विजेता हेवीवेट विजेत्या जो लुईसमागे हात धुऊन लागला होता. बाराव्या फेरीअखेर दोन पंचांच्या गुणांच्या कागदावर तो पुढे, तिसऱ्याच्या कागदावर बरोबरी. तेराव्या फेरीत लुईसला पाडायच्या नादात तो समोरासमोर भिडला आणि स्वतःच पडला. आजच्या नियमांत तो त्या रात्री जगज्जेता होऊन घरी गेला असता.

शुगर रे रॉबिन्सनचं तर याहून वाईट. जून 1952, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, दिव्यांखाली चाळीस अंशांच्या घरात उष्मा. आपल्या मे महिन्यातल्या घामाचं कौतुक सांगू नका. तिथे पंच रुबी गोल्डस्टीनच दहाव्या फेरीनंतर गळाला, त्याच्या जागी दुसरा पंच आणावा लागला. सुमारे पंधरा पौंडांनी हलका असलेला रॉबिन्सन लाइट हेवीवेट विजेत्या जोई मॅक्सिमच्या पुढे होता, तिन्ही कागदांवर. चौदाव्या फेरीला त्याला स्टुलावरून उठवेना. मॅक्सिमने त्या रात्री रॉबिन्सनला फार ठोसे मारले नव्हते. तो नुसता अंगावर रेलत राहिला. या गोष्टी उंचीच्या तक्त्यात कुठे मांडणार?

आता तुमच्या जोड्या. रॉय जोन्स विरुद्ध फॉस्टर: तुम्ही डोळे झाकून फॉस्टर लिहिलंत. मी विचारेन, कोणता जोन्स? रेजी जॉन्सनला हरवणारा 1999 चा, की हेवीवेटचा किताब घेऊन पुन्हा 175 पौंडांवर उतरलेला 2003 चा? त्या वर्षाच्या नोव्हेंबरात तो अँटोनियो टार्वरपुढे कसाबसा तरला आणि पुढच्या मे महिन्यात त्याच टार्वरने त्याला दुसऱ्या फेरीत झोपवला. 1999 चा जोन्स हात खाली सोडून, जॅबचं नाव न घेता थेट हूक टाकायचा. अशा माणसाला फॉस्टर शोधत राहील. बारा फेऱ्या असतील तर जोन्स, गुणांवर. पंधरा असतील तर मी फॉस्टरवर पैसे लावीन, कारण मागे झुकून ठोसा चुकवायची जोन्सची सवय पाय थकले की महागात पडते आणि फॉस्टरचा डावा हूक तेवढी एकच चूक मागतो.

फॉस्टर विरुद्ध स्पिंक्स यात उंचीचा प्रश्नच येत नाही, अर्ध्या इंचाचा तर फरक. फॉस्टर सरळ उभा राहून शिस्तीत खेळणारा. स्पिंक्सची लयच वाकडी, ठोसा कुठून येईल याचा त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनाही अंदाज नसावा. मी स्पिंक्स म्हणतो, थोडक्यात. आमच्या नाक्यावर हे कोणालाही मान्य नाही.

आर्ची मूर विरुद्ध बेतेरबिएव्ह ही मात्र मला खरोखर बघायला आवडली असती. मूरचं जन्मसालच 1913 की 1916 यावर त्याचं आणि त्याच्या आईचं जमत नव्हतं, तेव्हा ‘कोणत्या वयाचा मूर’ हे विचारणंही कठीण. डिसेंबर 1958 मध्ये मॉन्ट्रियलला इव्हॉन ड्युरेलने त्याला पहिल्याच फेरीत तीनदा पाडलं. चाळिशी ओलांडलेला तो माणूस उठला आणि अकराव्या फेरीत त्याने ड्युरेललाच संपवलं. बेतेरबिएव्हही मॉन्ट्रियलकरच आहे आता. तुम्ही त्याला सहाव्या फेरीत विजयी केलंत. मूर दोन्ही हात आडवे करून गार्ड घ्यायचा. दणकट माणसाचे ठोसे त्यावर थकतात. माझ्या मते ही लढत दहाव्या फेरीच्या आत संपत नाही.

आणि एझर्ड चार्ल्स कुठे आहे? याच मूरला तीनदा हरवणारा माणूस यादीतच नाही! त्याला लाइट हेवीवेटचा किताब कधी मिळाला नाही, म्हणून गाळला असेल तर तुमची यादी किताबाच्या पट्ट्यांची आहे, बॉक्सरांची नव्हे. पुढच्या रविवारी चार्ल्स विरुद्ध स्पिंक्स लावा. चार्ल्स 1948 चा, स्पिंक्स 1983 चा, फेऱ्या पंधरा. निकाल लेखकाने काहीही द्यावा, मी पुन्हा पत्र लिहीनच.

आपला,
एक वाचक, लालबाग, मुंबई