गुरुजींच्या ओव्या आणि डॉलरची खूण

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अंबाजोगाईत १९९६ पासून माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी मांडून द्यायचं, दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रबंध, काय म्हणाल ते टाइप केलंय. गेल्या महिन्यात केज तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी आले, त्यांच्यामुळं हे पत्र.

आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी वहीत उतरवल्या होत्या. १९९९ मध्ये मीच त्या टाइप केल्या. वही पुढं वाळवीनं खाल्ली. फाईल मात्र गुरुजींनी फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर करत जपली. आता नात पीएच.डी. करतेय, तिला ती हवी होती. लॅपटॉपवर उघडली तर रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा, कंस. दोन ठिकाणी तिला सांगितलं, "फाईल खराब झालीय."

फाईल धडधाकट होती. तेव्हा श्रीलिपी, आकृती, कृतीदेव असे ज्याचे त्याचे फॉन्ट. कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर रोमनच, फॉन्ट त्याला मराठी अंगरखा चढवायचा. फॉन्ट नसला की अंगरखा उतरला. त्यात एका फॉन्टातल्या 'क'च्या जागी दुसऱ्यात 'ध'. म्हणून आधी फॉन्टचं नाव बघायचं. लिबर ऑफिस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुनी वर्डची फाईल उघडते आणि फॉन्ट आपल्याकडं नसला तरी त्याचं नाव वरच्या चौकटीत दिसतं. मग त्याच फॉन्टच्या कन्व्हर्टरनं, म्हणजे अक्षरं बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमनं, मजकूर युनिकोडमध्ये आणायचा; तिथं प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला क्रमांक असतो.

खरी मेहनत त्यापुढं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. कन्व्हर्टरनं तिला एकच घर पुढं सरकवलं की 'स्थिती'सारख्या शब्दात ती अर्ध्या 'स'लाच अडकते. हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरला तर आपला 'ऱ्य' माहीतच नसतो. ओव्यांतल्या सगळ्या सासऱ्यांच्या डोक्यावर रफार बसला; जात्यावरच्या ओव्यांत सासरा किती वेळा येतो, विचारू नका. तीन दुपारी गुरुजी चालीवर म्हणत होते, मी दुरुस्त करत होतो. दोन ठिकाणी चाल अडखळली. तिथं कन्व्हर्टर नव्हे, १९९९ सालचा मीच चुकलो होतो.

"आम्ही पीडीएफ करून ठेवलीय" असं पुष्कळ जण सांगतात. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून बघा, बहुतेक वेळा तीच डॉलरची खूण. आजोबांचं नाव शोधायला जा, सापडणार नाही. आमच्याच गावात संतकवी दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी चारशे वर्षांनी वाचता येते, अन् माझं पंचवीस वर्षांपूर्वीचं टायपिंग नाही, याची लाज वाटली.

माझ्या धंद्यातल्या मंडळींना विनंती आहे. पानं मांडायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती २००१ ची. ती चालवणारं जुनं मशीन आणि त्याला लावलेलं फॉन्टचं लॉक (ज्याच्याशिवाय ते फॉन्ट चालत नाहीत ती खुंटी) भंगारात घालण्याआधी गिऱ्हाइकांच्या फायली युनिकोडमध्ये काढून ज्याच्या त्याला द्या. स्मरणिका, गावचे इतिहास, कीर्तनकारांच्या वह्या, सगळं तुमच्याच कपाटात पडलंय.

माझ्या कपाटात चाळीसेक सीडी निघाल्या. ज्यांनी २००८ पर्यंत माझ्याकडं काम दिलं, त्यांनी येऊन जावं. पानाला दहा रुपये घेईन. ही जाहिरात वाटली तर तेवढं वाक्य गाळा. ओव्या असल्या तर पैसे घेणार नाही.

आपला,
एक डीटीपीवाला, अंबाजोगाई