दिल्यास, फेब्रुवारीतल्या पावसाबद्दल

नी-ओलेसुंड, स्वालबार्ड (आर्क्टिक, नॉर्वे)
४ मार्च २०२५

प्रिय दिल्या,

इथे फेब्रुवारीत पाऊस पडला. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बरं झालं, तेवढीच थंडी कमी." तिला काय समजावणार? म्हणून तुला लिहितोय.

तब्येत ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण चालतंय.

तर पाऊस. हिमाद्रीसमोरचा, म्हणजे आपल्या भारतीय संशोधन केंद्रासमोरचा, तो उतार आठव. या दिवसांत तिथे भुसभुशीत बर्फ हवा. तिथे चक्क डबकी साचली, मधूनमधून ओली माती उघडी पडली. फेब्रुवारीची जुनी सरासरी उणे १५ अंश. यंदा ती उणे ३ च्या आसपास. आणि आता सगळं पुन्हा गोठलंय. जमिनीवर काचेसारखा कडक थर बसलाय. रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचं वाळकं गवत नि बुटक्या विलोच्या काड्या खातात, पण या थरावर खूर चालत नाही. परवा दोघं खाली किनाऱ्यावर दिसले, लाटांनी टाकलेलं समुद्री शेवाळ चघळत होते. पोटाला दुसरं काही मिळालं नाही की ते तिकडे वळतात.

तुझं पालुपद ऐकू येतंय मला. १९२५ पासून संरक्षण आहे, उन्हाळा लांबलाय, चारा वाढलाय, एकूण रेनडिअर वाढलेत. मान्य. एकूण आकडा तुझ्याच बाजूने आहे. (त्या वादात हातवारे करताना माझ्या वाटणीची कॉफी तू सांडलीस, हे मात्र अजून कबूल केलेलं नाहीस.) पण इथलाच कळप बघ ना. १९७८ मध्ये १५ जनावरं आणून सोडली. १९९३ पर्यंत साडेतीनशेच्या वर गेली. पुढच्या एकाच हिवाळ्यात असाच थर बसला आणि शंभरही उरली नाहीत. काही मेली, काही दुसरीकडे निघून गेली. २०१९ मध्ये मोजणी करणाऱ्यांना स्वालबार्डवर दोनशेहून जास्त मेलेले रेनडिअर सापडले. लांबलेला उन्हाळा त्यांच्या काय कामाचा?

सीलचं तर त्याहून वाईट. २००६ पासून फ्योर्ड, म्हणजे इथली चिंचोळी खाडी, धड गोठतच नाही. रिंग्ड सीलची मादी गोठलेल्या समुद्रावरच्या बर्फात बीळ करून त्यात पिल्लू घालते. समुद्र गोठला नाही तर बर्फ साचायला जागा नाही, आणि बीळही नाही. हिमनदीच्या तोंडाशी उरलेल्या तुकड्यांवर पिल्लं उघड्यावरच जन्मतात. मग अस्वल, कोल्हा, वरून मोठे गल पक्षी. एप्रिल आला की मला त्या बाजूला दुर्बीण लावावीशी वाटत नाही.

मला सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? हे सगळं घडतं हिवाळ्यात, आणि मोजायला आपण येतो उन्हाळ्यात. हिमाद्री २००८ ची, पण आपली पहिली हिवाळी तुकडी डिसेंबर २०२३ मध्ये आली. २०१४ पासून आपली यंत्रं फ्योर्डच्या पाण्याखाली बारा महिने नोंदी घेताहेत, ते चांगलंच आहे. पण जमिनीवरचा थर कधी बसला, किती जाड, कुठल्या उतारावर, हे बघायला माणूसच हवा. आणि सगळ्यांना हवा असतो मध्यरात्रीचा सूर्य! तुझ्या एम.एस्सी.च्या पोरांतलं कोणी काळोखाला न घाबरणारं असेल तर त्याला हिवाळ्यासाठीच अर्ज करायला लाव. जूनचं नाव काढलं तर कान धर.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? चिन्मयची दहावी चालू असेल, त्याला भूगोलात तरी बापाची लाज राखायला सांग. नवीन घराचे फोटो पाठव.

आणि मुख्य काम. त्या उन्हाळ्यात आपण पाठीवर बंदूक टाकून किनाऱ्यालगत फेऱ्या मारायचो, त्या वेळच्या तुझ्या वह्या अजून आहेत ना? चारा कुठे दाट, कुठे विरळ, हे तू पट्ट्यापट्ट्याने लिहिलं होतंस. पानं स्कॅन करून पाठव, तुझं अक्षर मला लागतं. बर्फ उतरला की तेच पट्टे मला पुन्हा चालायचेत, तेव्हा मेच्या आत पाठव.

तुझा,
बंड्या