केसपेपरच्या आधीचे काम

डॉर्चेस्टर, बॉस्टन

ती. बाबा व ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. शेजारच्या काकांना हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली असून खर्चाच्या धास्तीने ते रुग्णालयाची पायरी चढायला तयार नाहीत, हे वाचून जीव कासावीस झाला. दर शनिवारी मी ज्या आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून जातो, तिथेही हीच धास्ती समोर येऊन बसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमेरिकेतील अशा सामुदायिक केंद्रांची सुरुवात १९६५ साली इथेच, कोलंबिया पॉइंट या गरीब वसाहतीत, डॉ. जॅक गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी केली. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या या केंद्रांना पैशाअभावी कोणाला परत पाठवता येत नाही. शुल्क घरातली माणसे आणि उत्पन्न पाहून ठरते. मात्र हे ठाऊक नसल्याने कित्येक जण दुखणे अंगावर काढतात.

गेल्या महिन्यात एक गुजराती आजी आल्या. रक्तदाबाच्या गोळ्या पुरवून वापरायच्या म्हणून त्या रोज अर्धीच घेत होत्या. दहा-अकरा वर्षांचा नातू त्यांचे दुखणे इंग्रजीत सांगू पाहत होता आणि आजी त्याच्यासमोर निम्मे बोलणे गिळत होत्या. मला गुजराती समजते, तरी तपासणीच्या खोलीत दुभाषी प्रशिक्षितच हवा, हा केंद्राचा नियम; सुरुवातीला तो मला आडमुठा वाटे, पण फोनवरच्या दुभाषी बाईंशी आजी मोकळेपणाने बोलल्या तेव्हा तो पटला. नंतर तासभर बसून मी त्यांचा सवलतीचा अर्ज भरून दिला. लहानपणी आजीला महापालिकेच्या रुग्णालयात नेले असता, केसपेपरची खिडकी दाखवायला एक अनोळखी गृहस्थ आपली रांग सोडून आले होते, त्यांची त्या दिवशी फार आठवण झाली.

बाबा, काकांसाठी हे काम तुम्ही करावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया येतात, आणि योजनेतील प्रत्येक रुग्णालयात मदतीला आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि डॉक्टरांचे सर्व कागद मूळ प्रतींसह न्यावेत, झेरॉक्सही काढून ठेवाव्यात, आणि काकांची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे का हे आधी विचारावे. मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी लागते. आधी पैसे भरून मागाहून परतावा मिळेल, या समजुतीने त्यांनी कर्ज मात्र काढू नये. यादीत नसल्यास तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. धर्मादाय निधीची वाट तेच दाखवतात.

आई, काकूंशी तू बोल. काका त्यांचेच ऐकतात. रविवारी फोन करीन, तोवर आरोग्यमित्रांची भेट झालेली असावी.

आपला आज्ञाधारक मुलगा