दरजा चुन्यानेच भरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या दगडी इमारतींना परांच्या लागतात आणि पुढच्या जूनच्या आत त्या उतरतात. दगड धुतलेला दिसतो, सांध्यांवर राखाडी रेघा नेटक्या उठून दिसतात आणि वास्तूला 'गतवैभव' मिळाल्याची बातमी छायाचित्रासह छापून येते. त्या राखाडी रेघा म्हणजे दगडांमधले सांधे, म्हणजेच दरजा, सिमेंटने भरलेल्या. एकोणिसाव्या शतकातल्या दगडी बांधकामाचे आजचे बरेचसे दुखणे याच रेघांपाशी सुरू होते, म्हणून हे पत्र.

या इमारती कशाने उभ्या आहेत ते आधी पाहू. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे मूळचे इंग्लंडमधल्या बाथचे. ते गाव पिवळसर चुनखडी दगडाच्या घरांसाठीच प्रसिद्ध. १८६७ साली ते सरकारी बांधकाम खात्यात हिंदुस्थानात आले आणि १९०० साली मुंबईतच मलेरियाने वारले. मधल्या काळात त्यांनी बोरीबंदरचे स्थानक (१८७८ ते १८८८), त्याच्या समोरची महापालिकेची इमारत (१८९३) आणि चर्चगेटसमोरचे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे, मुख्यालय (१८९९) उभे केले. या कामांत रंग म्हणून दगडच वापरला आहे. चर्चगेटला बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, भिंतीत पांढरट पोरबंदरी दगडाच्या पट्ट्या आहेत, बोरीबंदरला पिवळसर मालाडी दगड आणि कोरीव कामाला मऊ दगड. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. कागद लंडनहून आले, पण बदामी दगड कुर्ल्याचा होता आणि १८६९ ते १८७८ अशी नऊ वर्षे तो घडवणारे हात इथले. त्या मनोऱ्यावरच्या पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या मूर्ती रावबहादूर मुकुंद रामचंद्र या अभियंत्याने साकारलेल्या. मनोऱ्याच्या बातमीत स्कॉट येतात, रावबहादूर क्वचितच.

आता मुद्दा असा की बेसॉल्ट आणि पोरबंदरी हे दगड पाण्याशी अगदी उलट वागतात. बेसॉल्ट पाणी जवळजवळ पीत नाही. पोरबंदरी हा सागरी शंखशिंपल्यांच्या चुऱ्याचा चुनखडी दगड, तो पाणी शोषतो आणि वाऱ्याउन्हाने परत सोडतो. दोघांच्या मध्ये मूळ बांधणाऱ्यांनी चुना घातला, कारण चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतो. भिंत जराशी हलली तर चुन्यात बारीक तडे जातात, पण दगड शाबूत राहतो. आत मुरलेली ओल सांध्यातून बाहेर पडते. झिजायचे ते सांध्याने झिजायचे आणि तो तीसचाळीस वर्षांनी पुन्हा भरायचा, असाच हिशेब होता.

सिमेंटने हा हिशेब उलटतो. सिमेंट कडक, दगडाला धरून हलत नाही. उन्हात तापून आणि रात्री निवून सांध्याच्या कडेने केसाएवढी फट पडते. मुंबईचा तिरपा पाऊस त्या फटीतून आत खेचला जातो आणि बाहेर यायला वाट उरत नाही. बेसॉल्टच्या भिंतीत हे पाणी मधल्या रबलच्या (ओबडधोबड दगडांच्या) भरावात उतरते आणि आतल्या खोलीचे प्लास्टर फुगवते. मग 'भिंत गळते' म्हणून बाहेरून आणखी सिमेंट थापले जाते. पोरबंदरी दगडात पाणी दगडाच्याच तोंडातून सुकते, त्याबरोबर समुद्राच्या वाऱ्याने आलेले आणि सिमेंटमधून सुटलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा ताठ उभा आणि दोन्ही बाजूंचा दगड खाल्लेला, असे दृश्य दिसले की निदान करायला प्रयोगशाळा लागत नाही. गंमत अशी, की १९१४ च्या सुमारास सिमेंटचा एक पहिला देशी कारखाना उभा राहिला तो पोरबंदरलाच.

दुरुस्ती कशी असावी, हे निविदेत शब्दाशब्दाने लिहायला हवे. 'दरजा भरणे, सिमेंट मॉर्टर १:३' ही ओळ काँक्रीटच्या इमारतींच्या दरपत्रकातून उचललेली असते. तिच्याऐवजी आधी जुन्या सांध्याचा नमुना घ्यावा. खिळ्याने ओरखडा उठला तर बहुधा चुना, नाही उठला तर मागच्या दुरुस्तीचे सिमेंट. प्रमाण काढायचे तर तुकडा कुटून पातळ आम्लात विरघळवतात आणि उरलेली वाळू तोलतात. मात्र मसाल्यात शिंपल्यांचा किंवा पोरबंदरी दगडाचा चुरा असेल तर तोही विरघळतो आणि आकडा फसवतो.

मुंबईच्या दमट हवेत नुसता शुद्ध चुना खोलवर घट्ट व्हायला फार वेळ घेतो. म्हणून एक भाग विरवलेला चुना, एक भाग सुरखी (विटेची भुकटी), दोन भाग वाळू हे प्रमाण सुरुवातीला धरायला हरकत नाही. सुरखी नीट भाजलेल्या विटेची हवी. पाडलेल्या बांधकामाच्या, सिमेंट चिकटलेल्या विटांची नको. वाळू खाडीची नको आणि पाणी बोअरचे खारे नको, नाहीतर बाहेरचे क्षार आपणच आत भरतो. मसाला चुन्याच्या घाणीत, फिरत्या दगडी चाकाखाली, मळलेला उत्तम. घाणी नसेल तर मॉर्टर मिल चालते, फावड्याने कालवलेला चालत नाही. चुन्यात मिसळायच्या गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद यांची वर्णने बातम्यांत फार चविष्ट येतात. पण चुना आणि वाळू चुकली असेल तर बेलफळ काही वाचवत नाही.

जुना सांधा उकरताना त्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल जायला हवे. वरवर खरवडून भरलेला मसाला पहिल्याच पावसात पडतो. घडीव दगडांचे सांधे तीनचार मिलिमीटरचे असतात. तिथे ग्राइंडर लावला की दगडाची धार जाते, सांधा दुप्पट रुंद होतो आणि पाथरवटाने टाकीने काढलेली कड कायमची संपते. छिन्नी आणि बारीक हॅकसॉचे पाते एवढेच हत्यार तिथे योग्य. जुने सिमेंट दगडाला इतके चिकटले असेल की काढताना दगड तुटेल, तर ते राहू द्यावे. ते स्वतः सैल होईपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. उकरलेला सांधा धुऊन ओला करावा, मसाला घट्ट दाबून दगडाच्या कडेच्या किंचित आत ठेवावा, जरा आवळला की ताठ ब्रशने ठोकावा आणि ओल्या गोणपाटाखाली निदान आठवडाभर ठेवावा. चुना भरून दुसऱ्या दिवशी परांची उतरवणे म्हणजे भुकटी करून घेणे.

हे सारे बिघडते ते मोजमापामुळे. काम भिंतीच्या चौरस मीटरवर मोजले जाते, त्यामुळे वेगाला पैसे मिळतात आणि वेग म्हणजे ग्राइंडर. सांध्यांच्या धावत्या मीटरवर मोजावे आणि आधी एक चौरस मीटरचा नमुना मंजूर करून तो शेवटपर्यंत भिंतीवर तसाच ठेवावा. सर्वात कमी दराचा आग्रह धरणाऱ्यांनी महापालिकेच्या इमारतीचा हिशेब पाहावा. ११,८८,०८२ रुपये मंजूर होते, खर्च ११,१९,९६९ झाला. पैसे वाचले, पण दगडात किंवा घडाईत काटकसर केल्याची खूण त्या दर्शनी भागावर सापडत नाही.

लोखंडाबद्दल थोडे. कंगोऱ्याचे, कळसांचे दगड लोखंडी क्लँप आणि खुंट्यांनी जखडलेले असतात. त्यांच्यापर्यंत पाणी गेले की गंज लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि दगड आतून फोडतो. वरून सिमेंट लावून चीर बुजवली तरी गंज चालूच. तो तुकडा काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची खुंटी घालावी लागते. समुद्राजवळ ३०४ या साध्या प्रतीवर विसंबू नये. नवा पोरबंदरी दगड भिंतीत बसवताना त्याचा नैसर्गिक थर आडवा राहील हे पाहावे. थर उभा, तोंडाला समांतर बसला की पानासारखा सुटतो. मालाडच्या जुन्या खाणी आता वस्तीखाली गेल्या आहेत, त्यामुळे त्या दगडाला जुळणारे ठिगळ लावणे कठीण. आहे तो दगड वाचवणे हाच स्वस्त मार्ग.

वाळूचा मारा आणि आम्लाची धुलाई निविदेतून बादच व्हावी. पहिल्याने दगडाची हवेत घट्ट झालेली कातडी जाते, दुसऱ्याने चुनखडी दगड सरळ विरघळतो. कमी दाबाचे पाणी, नायलॉनचा ब्रश आणि हट्टी काळ्या थरावर कागदाच्या लगद्याचा लेप एवढ्याने बहुतेक काम होते. रंग आणि चकाकीचे सिलिकॉन तर लावूच नये.

पिंपळाचे रोप ओढून काढणाऱ्याच्या हाती रोप येते आणि मूळ भिंतीत राहते, कधी दगडही बरोबर येतो. खोड कापून त्यात छिद्र पाडून तणनाशक भरावे, मूळ पूर्ण मेल्यावरच सांधा उकलून ते काढावे आणि पोकळीत चुन्याचे पातळ मिश्रण सोडावे. याला काही महिने लागतात.

आणि महिन्यांचाच प्रश्न खरा अवघड आहे. कळीचा (भाजलेला, कोरडा) चुना पाण्यात विरवून, गाळून, पाण्याखाली हौदात निदान तीन महिने मुरावा लागतो, आणि दरजा भरायचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे चुना जुलैत हौदात पडायला हवा, आणि त्यासाठी निविदा मे महिन्यात निघायला हवी. ती दिवाळीनंतर निघाली की ठेकेदाराकडे मुरलेला चुना नसतो आणि पोतीभर सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात तयार असते.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई